आठ घरांतला हिशेब

आठ आकड्यांच्या कॅल्क्युलेटरवर पैशांसकट हिशेब मांडायचा तर शेवटची दोन घरं पैशांना द्यावी लागतात. रुपयांना उरतात सहा. ९,९९,९९९.९९ ही त्या यंत्राची हद्द. त्यात एक पैसा मिळवला, की पैशांची घरं सोडून द्यावी लागतात. १९७०च्या दशकात गिरगावातल्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानदाराला ही हद्द कधी जाणवलीही नसेल. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, काळबादेवीच्या मूळजी जेठा मार्केटातल्या कापडाच्या पेढीला मात्र ती दिवाळीच्या चोपडापूजनाच्या बरीच आधी आडवी आली असती. यंत्र तेच, रस्ता ओलांडला की अपुरं.

म्हणून जुना कॅल्क्युलेटर हातात आला की त्याला घरं किती, हे आधी मोजावं. तो कोणासाठी बनवला, किती किमतीत बसवायचा होता आणि बनवणाऱ्याने कुठे हात आखडता घेतला, हे बरंचसं तिथेच कळतं. पुढच्या पानांत एकेका यंत्राची ओळख येईल. त्याआधी या वस्तूकडे कसं बघायचं, एवढंच इथे सांगायचं आहे. शौकिनांच्या गप्पांत मान मिळतो तो साइन-कॉस-लॉगवाल्या महागड्या यंत्रांना. गल्ल्यावर झिजलेलं साधं बेरजेचं यंत्र दुर्लक्षितच राहतं. हा पक्षपात या प्रस्तावनेला मान्य नाही.

घरांची संख्या हा पैशाचा प्रश्न होता. शार्पचं १९६४ सालचं कॉम्पेट यंत्र टेबलावर ठेवायचं होतं. वजन २५ किलो, किंमत ५,३५,००० येन. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी, जेरी मेरीमन आणि जेम्स व्हॅन टॅसल यांनी १९६७ साली हातात धरता येईल असा नमुना तयार केला, पण तो उत्तर कागदाच्या पट्टीवर छापायचा. आकडे उजळणारं आणि खिशात मावणारं यंत्र आलं १९७१मध्ये. जपानच्या बिझिकॉम कंपनीच्या त्या यंत्रात एकच चिप होती आणि घरं होती चक्क बारा. किंमत मात्र ८९,८०० येन. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७२मध्ये, कॅसिओने ‘मिनी’ आणला १२,८०० येनांना, कारण त्याने घरं सहावर आणली होती. गुणाकार सहा घरांपलीकडे गेला तर एक बाणाचं बटण दाबून उत्तराचा खालचा अर्धा भाग बघायचा. अर्ध्या खिडकीतून पूर्ण उत्तर दाखवण्याची ही युक्ती लोकांनी इतकी उचलून धरली की दहा महिन्यांत दहा लाख यंत्रं खपली. सहा घरं म्हणजे पैशांसकट फक्त ९,९९९.९९. जपानी येनाला पैसे नसतात, हे कॅसिओच्या पथ्यावर पडलं. रुपयासाठी कोणी हिशेब केला असता तर सहाची कल्पना कागदावरच बाद झाली असती.

मुंबईला हा माल सरळ दुकानातून मिळत नव्हता. आयात परवान्यांच्या त्या काळात कॅल्क्युलेटर यायचा बोटीवरच्या किंवा आखातातल्या नातेवाइकाच्या बॅगेतून, नाहीतर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केट आणि मुसाफिरखान्यातून, जिथे ‘फॉरेन’ या एका शब्दात गॅरंटीची भरपाई होत असे. देशातही प्रयत्न चालू होते. दिल्लीच्या डीसीएम डेटा प्रॉडक्ट्समधून बाहेर पडलेल्या शिव नाडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मायक्रोकॉम्प ही कंपनी काढली, ती कॅल्क्युलेटर विकायलाच. पुढच्या वर्षी त्यातून एचसीएल उभी राहिली. भारतातल्या एका बड्या संगणक कंपनीचं पहिलं भांडवल अशा बटणांतून आलं आहे, हे लॅमिंग्टन रोडवर आज सुटे भाग घेणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असतं.

यंत्र दशमान होतं. मुंबईचा बाजार तसा होऊन जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि १९५८पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. ३ रुपये ५ आणे ६ पै ही साधी रक्कम दशमान यंत्रात घालायची तर ती ३.३४३७५ होते; पाच घरं खर्ची पडली आणि दुकानदाराला एक अक्षर कळलं नाही. त्या हिशेबाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी पाठ असलेला माणूसच लागायचा. नाणं बदललं तरी हे पाढे डोक्यातून गेले नव्हते. साडेतीन रुपये वाराचं अकरा वार कापड घेतलं तर जुन्या शाळेतला गुमास्ता साडेअडतीस म्हणून मोकळा व्हायचा. यंत्रावर त्यासाठी सात बटणं दाबावी लागतात. एकेरी गुणाकारात यंत्राने पाढ्याला हरवलं ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. यंत्र जिंकलं ते लांबलचक बेरजेत, चाळीस रकमांचा रकाना संध्याकाळी उतरवून काढताना.

आणि तिथेच त्याची मोठी खोट होती. कागद नाही. वहीतली बेरीज चुकली तर बोट ठेवून वरून खाली येता येतं. यंत्रात तेविसावी रक्कम चुकीची दाबली गेली की काही मागमूस उरत नाही. मुनीम मंडळी म्हणूनच तीच बेरीज दोनदा मारायची, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. दोन्ही उत्तरं जुळली तरच आकडा चोपड्यात चढायचा. बऱ्याच वर्षांनी आलेल्या टेबलावरच्या यंत्रांत शंभराहून जास्त पायऱ्या मागे जाऊन तपासण्याची सोय असते, ती याच दुखण्यावरचा उतारा. जीटी हे बटणही त्याच घराण्यातलं. प्रत्येक बिलाची बेरीज वेगळी ठेवून सगळ्या बिलांची एकत्र बेरीज ते मागच्या मागे जमवत राहतं.

बटणांची मांडणी नीट वाचली तर ती कोणाच्या डोक्यातून आली हे दिसतं. सुरुवातीच्या बऱ्याच यंत्रांत बरोबरचं चिन्ह स्वतंत्र नसायचं. एका बटणावर ‘+=’ आणि दुसऱ्यावर, बहुधा लाल रंगात, ‘−=’. पाचातून तीन वजा करायचे तर ५, मग ‘+=’, मग ३, मग ‘−=’. शाळेत शिकलेल्याला हे उलटं वाटतं, पण जमा-नावे लिहिणाऱ्याला अजिबात नाही: आधी रक्कम, मग ती कोणत्या बाजूला टाकायची ते. जुन्या हातयंत्रांवर बेरजा मारणाऱ्या कारकुनांची सवय मोडू नये म्हणून ही रीत ठेवली होती. पुढे शाळेतल्या फळ्यासारखं ‘५ − ३ =’ सगळीकडे आलं आणि कारकुनी पद्धत मागे पडली.

टक्क्याचं बटण हा तर वादाचा विषय. ४८०मध्ये २५ टक्के मिळवा असं सांगितलं तर कोणीही ६०० म्हणेल, आणि पुष्कळ यंत्रंही तेच दाखवतात. कॅसिओच्या कित्येक यंत्रांवर मात्र उत्तर येतं ६४०. यंत्र बिघडलेलं नसतं. त्याने वेगळा प्रश्न सोडवलेला असतो: ४८० रुपयांना घेतलेली वस्तू कितीला विकली म्हणजे विक्रीच्या किमतीत २५ टक्के नफा राहील? ६४०चा पाव भाग १६०, आणि १६० वजा जाता ४८०. गिऱ्हाइकाला अधिक कर जोडून सांगायचा असेल तर हे बटण घात करतं, आणि मालावर किती चढवायचं हे ठरवणाऱ्याला तेच सोयीचं. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाल्यावर त्याच कंपनीने भारतासाठी जीएसटीची वेगळी बटणं असलेलं मॉडेल आणलं, तेव्हा कुठे हा घोळ पुष्कळसा मिटला.

आत काय चालतं, ते बाहेरून थोडं बघता येतं. प्रत्येक आकडा सात रेघांचा. आठ आकडा लिहिला की सातही पेटतात. आठ घरांच्या सात-सात रेघा आणि एकेक दशांश टिंब धरलं तर ६४ वेगळ्या तारा लागल्या असत्या. त्याऐवजी सगळ्या घरांच्या सारख्या रेघा एकत्र जोडतात आणि एका वेळी एकच घर पेटवतात; आठ तारा रेघांच्या, आठ घरांच्या, सोळांत काम भागतं. हे इतक्या झपाट्याने फिरतं की डोळ्याला आठही आकडे स्थिर वाटतात. अंधारात लाल दिव्यांचं यंत्र झटकन हलवलं तर आकडे एकामागून एक तुटून पसरलेले दिसतात, आणि चोरी पकडली जाते.

गुणाकार म्हणजे आत पुन्हा पुन्हा बेरीज आणि भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा वजाबाकी. म्हणून जुन्या यंत्राची नाडी बघायला ९९९९९९९९ भागिले १ द्यावं. माणसाला हे गणितच वाटत नाही, पण यंत्राला प्रत्येक घरासाठी नऊ-नऊ वेळा वजाबाकी करावी लागते, आणि संथ चिप असेल तर उत्तर येण्याआधी पडदा क्षणभर काळा पडतो. १ भागिले ३ गुणिले ३ केलं की पुष्कळ स्वस्त यंत्रं ०.९९९९९९९ दाखवतात, कारण आठव्या घरापुढचे तीनचे आकडे त्यांनी आधीच टाकून दिलेले असतात. चांगल्या यंत्रात न दिसणारी एक-दोन घरं राखीव असतात. त्यांना हा प्रश्न विचारला की ती १ म्हणतात.

पडद्यावरून यंत्राचं वय कळतं. लाल दिव्यांच्या पडद्याला वीज फार लागायची. रेघा इतक्या बारीक असायच्या की प्रत्येक आकड्यावर प्लास्टिकचं छोटं भिंग बसवलेलं असे, आणि तरीही दुपारच्या उन्हात, रस्त्याकडे तोंड असलेल्या दुकानात, काही वाचता येत नसे. निळ्या-हिरव्या प्रकाशाचे पडदे डोळ्याला बरे वाटायचे, पण सेल तेही खायचे. क्लाइव्ह सिंक्लेअरच्या १९७२ सालच्या ‘एक्झिक्युटिव्ह’ने बटणाएवढ्या सेलवर चालण्यासाठी चिपला वीज सलग न देता ठोक्या-ठोक्याने दिली, दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात चिप आपली स्थिती विसरत नाही, यावर सगळं अवलंबून. खरी सुटका केली शार्पने १९७३ साली. त्यांच्या द्रवस्फटिक पडद्याच्या यंत्राला एक पेन्सिल सेल शंभर तास पुरायचा. मग सौरपट्ट्या आल्या आणि सेलचा विषयच मागे पडला.

वैज्ञानिक यंत्रांची कथा इथे थोडक्यात आटोपली तरी चालेल. तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. १९७२ सालचं हेवलेट-पॅकार्डचं एचपी-३५ हे ३९५ डॉलरचं यंत्र, बटणं पस्तीस म्हणून नाव पस्तीस. त्यात बरोबरचं बटण नाही. दोन्ही संख्या आधी द्यायच्या आणि क्रिया शेवटी सांगायची. सुरुवातीच्या यंत्रांत २.०२चा नैसर्गिक लॉग काढून तो परत फिरवला की २ यायचे, वरचे दोन शतांश गायब. ही चूक कळेपर्यंत सुमारे २५ हजार यंत्रं विकली गेली होती आणि कंपनीने ती बदलून देण्याची तयारी दाखवली. या कंपनीची उपकरणं भारतात विकत होती मुंबईचीच ब्लू स्टार. तरीही १८८७ साली स्थापन झालेल्या आणि १९२३पासून माटुंग्याला असलेल्या व्हीजेटीआयच्या विद्यार्थ्याला ३९५ डॉलर म्हणजे स्वप्नच. त्याच्या हातात स्लाइड रूल. सिंक्लेअरचं १९७४ सालचं ‘सायंटिफिक’ त्या मानाने गरिबाघरचं. त्याच्या चिपमध्ये फक्त ३२० सूचनांची जागा होती. पाय, ई आणि अंशांचं रेडियन करणारा ५७.२९५७८ हे आकडे आत मावेनात, म्हणून ते सरळ यंत्राच्या कव्हरावर छापून टाकले. सगळ्या इलेक्ट्रॉनिक इतिहासात इतका प्रामाणिक काटकसरीपणा दुसरा सापडणं कठीण.

ही यंत्रं आली तोवर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला ‘टिफ्रॅक’ हा देशात बांधलेला पहिला मोठा संगणक केव्हाच निवृत्त झाला होता. १९६० साली तो सुरू झाला तेव्हा त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. बिझिकॉमच्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरसाठी इंटेलने १९७१ साली बनवलेल्या ४००४ या चिपमध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की मधल्या अकरा वर्षांत काय झालं ते वेगळं सांगावं लागत नाही.

लालबाग-परळच्या गिरण्यांत हिशेबाची खरी दाटी असायची पगाराच्या दिवशी. हजेरी, उक्त्या कामाचा दर, मुंबईच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी बांधलेला महागाई भत्ता, मग कापून जायचा प्रॉव्हिडंट फंड, राज्य विम्याची वर्गणी, पतपेढीचा हप्ता. एम-प्लस आणि एम-मायनस ही दोन बटणं अशाच कामासाठी असतात: एकीकडे मिळकत साठवायची, दुसरीकडून कपात वजा करायची, शेवटी एका बटणावर हातात पडणारी रक्कम. पण यंत्र खरोखर स्वस्त होऊन मजुराच्या घरापर्यंत पोहोचायला लागलं तोवर १८ जानेवारी १९८२ उजाडला होता, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते, आणि पगाराची पावती तपासून बघण्याचं कारणच अनेक घरांतून नाहीसं झालं.

मराठी घरांत कॅल्क्युलेटरचा सर्वांत आनंदाचा वापर बहुधा एका शाळामास्तरांमुळे झाला असेल. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे डहाणूला जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणारे शिक्षक. मार्च १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि ६१७४ हा आकडा जगभर गेला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि आलेल्या उत्तरावर तेच करत राहायचं. १९७२ घेतलं तर ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या खेपेला ६१७४. सातापेक्षा जास्त खेपा कधीच लागत नाहीत. कापरेकरांना या खेळासाठी यंत्र लागलं नव्हतं. पण त्यांच्या संख्या आठ घरांच्या यंत्राला जणू मापून शिवल्यासारख्या आहेत. ४,८७९चा वर्ग २,३८,०४,६४१, नेमकी आठ घरं. २३८ आणि ०४६४१ मिळवले की परत ४,८७९. त्यांचे दुसरे लाडके ‘डेम्लो’ आकडे, ज्यांचं नाव डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून पडलं, ते मात्र यंत्राला पेलत नाहीत. १,१११चा वर्ग १२३४३२१ ठीक येतो. ११,१११चा वर्ग १२३४५४३२१, नऊ अंकी. आठ घरांचं यंत्र तिथे १.२३४५४३२ असं काहीतरी दाखवून कोपऱ्यात ई उमटवतं आणि अडून बसतं. शेवटचा १ बघायला पेन्सिल घ्यावी लागते.

शाळा-कॉलेजांनी या वस्तूशी कधी नीट समेट केला नाही. महाराष्ट्र मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर लॉग टेबलला परवानगी आणि कॅल्क्युलेटरला मनाई अशी सूचना छापली जाते. सीएच्या परीक्षेला उलट कॅल्क्युलेटर चालतो, पण त्याची पत्रिका जुळवून: सेलवर चालणारा, आवाज न करणारा, सहापेक्षा जास्त क्रिया नसलेला, बारा घरांपर्यंतचा, दोन मेमरींचा. बारा घरं म्हणजे पैशांसकट हजार कोटींच्या जरा खाली. हिशेबनिसाला याहून मोठी रक्कम तीन तासांत भेटणार नाही, असा परीक्षकांचा अंदाज दिसतो, आणि तो वाजवी आहे.

लालबागच्या मसाला गल्लीत मिरची, धणे, खडा मसाला वेगवेगळ्या भावांनी वजन करून दळायला जातो आणि बिल अजून मोठ्या बटणांच्या बारा घरी यंत्रावर होतं. सिटिझन, मोरबीचं ऑरपॅट, नावात कॅसिओची आठवण ठेवणारं कॅडिओ. मिरचीची पूड बटणांच्या फटींत जाऊ नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवी ताणून बसवलेली. मोबाइल खिशात असतो, पण तिखट बोटांनी तो कोण हाताळणार? शिवाय मोठ्या बटणांवर न बघता टोटल मारता येते.

जुनं यंत्र विकत घ्यायला चोरबाजारात किंवा लॅमिंग्टन रोडच्या आसपास हिंडणाऱ्याने आधी सेलचं झाकण उघडावं. मुंबईच्या दमट हवेत विसरलेला सेल पाझरतो आणि हिरवट बुरशीसारखा थर पत्र्यापासून बोर्डापर्यंत चढतो. पत्रा घासून निघतो, बोर्ड बहुधा गेलेला असतो. मग ८ आठ वेळा दाबावा आणि छप्पन्न रेघा मोजाव्यात. द्रवस्फटिक पडदा काळवंडलेला आणि आंबट वासाचा असेल तर त्यावरची ध्रुवीकरणाची फिल्म सडलेली आहे. नवी फिल्म मापाने कापून लावता येते. लाल दिव्यांच्या पडद्यातली मेलेली रेघ अशी दुरुस्त होत नाही. ती त्याच मॉडेलच्या दुसऱ्या यंत्रातून काढावी लागते, आणि म्हणून अजिबात चालू न होणाऱ्या यंत्राचाही भाव विचारून ठेवावा.